चित्र दिसलं, पण हिशोब बरोबर आहे का?

आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या लेकी आता विज्ञान शिकायला शहरात जातात. त्यातली एखादी उद्या फोनवर म्हणेल, "आई, माझ्या डिटेक्टरचं चित्रच दिसत नाहीये गं." तेव्हा ती कशाबद्दल बोलतेय ते आपल्याला कळावं, म्हणून आजची ही माहिती.

जिनिव्हाजवळ सर्न नावाची मोठी प्रयोगशाळा आहे. तिथे जमिनीखाली २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात अतिसूक्ष्म कण एकमेकांवर आदळवतात. त्यातून उडणारे कण टिपणारं यंत्र म्हणजे डिटेक्टर. असं यंत्र खरोखर बांधायच्या आधी संगणकात बांधून पाहतात. त्यासाठी जिआंट-फोर हे सॉफ्टवेअर आहे. ते १९९८ साली सर्वांसाठी खुलं झालं. कर्करोगाच्या रुग्णाच्या शरीरात किरणांचा डोस कुठे किती बसेल, याचा हिशोबही त्यावर करतात.

गंमत म्हणजे, या सॉफ्टवेअरमध्येही आई आणि लेक असतात. मोठ्या पेटीला आई म्हणतात, तिच्या आतल्या पेटीला लेक. नियम दोनच. लेक पूर्णपणे आईच्या आत हवी, आणि बहिणीबहिणींनी एकमेकींच्या जागेत घुसायचं नाही.

आता चित्र दिसत नसेल तर काय तपासायचं?

पहिलं, चित्राची खिडकी उघडायची आज्ञा दिली आहे का?

दुसरं, मापं. आकड्यापुढे एकक लिहायचं राहिलं, तर सॉफ्टवेअर ते मिलिमीटर धरतं. मग दहा मीटरची भिंत दहा मिलिमीटरची होते आणि शोधूनही सापडत नाही.

तिसरं, बाहेरची पेटी भरीव रंगवली असेल, तर आतलं झाकलं जातं. डब्याचं झाकण बंद असल्यावर आतली भाकरी कशी दिसेल? बाहेरची पेटी पारदर्शक करायची.

चौथं, कणांच्या वाटा दिसत नसतील, तर त्या दाखवायची आज्ञा वेगळी द्यावी लागते. मग साधारणपणे धन भाराचे कण निळे, ऋण भाराचे लाल आणि भार नसलेले हिरवे दिसतात.

पण मैत्रिणींनो, खरी मेख पुढेच आहे. चित्र वेगळं आणि हिशोब वेगळा. दोन पेट्या नुसत्या चिकटून असल्या, तर त्यांच्या सामाईक पृष्ठावर रंग लुकलुकतात. तिथे हिशोब मात्र बरोबर असतो. उलट, एक पेटी दुसरीत थोडी घुसलेली असली, तर चित्र छान दिसतं आणि हिशोब चुकतो. डोळ्यांना ते कळत नाही.

म्हणून सॉफ्टवेअरला तपासणी करायला सांगायचं. ते पेटीच्या पृष्ठावर हजारभर ठिपके टाकतं आणि एखादा ठिपका आईच्या बाहेर किंवा बहिणीच्या आत पडला, तर लगेच इशारा देतं. घुसखोरी अगदी बारीक असेल, तर ठिपके वाढवून पुन्हा पाहायचं.

बचत गटाची वही कितीही सुबक लिहिली, तरी बेरीज आपण पुन्हा करतोच ना? लेकीलाही तेच सांगा. चित्र दिसलं म्हणून थांबू नकोस, मांडणी तपास. त्या हिशोबावर कुणाचे उपचार अवलंबून असू शकतात.