पत्ता कुणाचा, आणि केव्हाचा?



माझी शाळा सातवीत सुटली; पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा संगणकशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण एका कारखान्यात आमच्या एका सभासदावर दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी गुप्त कागद बाहेर धाडल्याचा आरोप आला. पुरावा एकच : आयपी पत्त्याचा आकडा. नोकरी त्या आकड्यावर टांगली होती, म्हणून मला तो शिकावा लागला.

जाळ्यातील प्रत्येक यंत्राला पत्ता हवा. कचेरीच्या साध्या जाळ्यात २५४ पत्ते वापरता येतात. येणारीजाणारी यंत्रे त्याहून अधिक असू शकतात. म्हणून पत्ता मुदतीच्या पट्ट्याने देतात. या व्यवस्थेचे नाव डीएचसीपी. तिचे नियम प्रथम १९९३ साली प्रसिद्ध झाले. यंत्र जाळ्यात शिरताच पुकारा करते. सर्व्हर एक पत्ता देऊ करतो. यंत्र तो मागते. सर्व्हर तो पक्का करतो. निम्मी मुदत सरली की यंत्र पट्टा वाढवून मागते. न वाढवता मुदत संपली, तर तोच पत्ता दुसऱ्या यंत्राला देता येतो.

गिरणीतल्या मंडळींना हे नवे नाही. बदली कामगार आज या साच्यावर, उद्या त्या साच्यावर. कापड बिघडले तर नुसता साच्याचा नंबर सांगून भागत नसे. त्या दिवसाची हजेरी पाहावी लागे.

पट्ट्यांची हजेरी सर्व्हर ठेवतो. देखरेखीच्या साधनात पत्ता, यंत्राचे नाव किंवा जाळ्याच्या कार्डाचा बारा अंकाक्षरी मॅक क्रमांक घालून ती शोधता येते. पण तीन गोष्टी सांभाळा. पहिली : पडद्यावर बहुधा आजचा धारक दिसतो, मागचा धारक जुन्या नोंदींत शोधावा लागतो. दुसरी : नाव यंत्र स्वतःच सांगते, आणि मॅक क्रमांकही बदलता येतो, २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक वायफायसाठी निराळा क्रमांक वापरू शकतात. तिसरी गोष्ट वेळेची. आयएससीच्या जुन्या, पुष्कळ ठिकाणी वापरलेल्या सर्व्हरच्या नोंदवहीत वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिली जाई. आपले घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे.

आमच्या प्रकरणात घोटाळा नेमका येथेच होता. सभासदाच्या लॅपटॉपचा पट्टा १५.३० ला सुरू झाल्याची नोंद होती. साहेबांनी ते दुपारचे साडेतीन वाचले. वास्तविक ते रात्रीचे ९ होते. दुसरी पाळी करणारा हा गडी तेव्हा लॅपटॉप घेऊन त्या विभागात गेला होता. ४ वाजून १० मिनिटे म्हणजे नोंदवहीतले १०.४०. त्या वेळी तो पत्ता भांडारातल्या संगणकाकडे होता, आणि त्यावर तिघे जण आळीपाळीने बसत. आरोप मागे घेतला गेला.

भांडारातल्या तिघांवरही आम्ही बोट ठेवू दिले नाही. पट्ट्याची नोंद यंत्रापर्यंत नेते. खुर्चीवर कोण होते, ते ती सांगत नाही. म्हणून कुणी आकडा पुढे टाकला तर घाबरू नका. शांतपणे विचारा : पत्ता कुणाचा, केव्हाचा, आणि घड्याळ कुठले?