काठी उठण्याआधीची कुजबूज

भद्रावती तालुक्यातील माजरीच्या खाणपट्ट्यात कोळशाचा एक स्वभाव जुन्या कामगारांना चांगला ठाऊक असतो. ढीग फार दिवस पडून राहिला, तर कोणी काडी न लावताही तो पेटतो. हवा आत शिरते, ऊब साचत जाते. धूर दिसतो तेव्हा आतला बराच कोळसा जळून गेलेला असतो. याच चंद्रपूर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जिवती तालुक्यातील वणी खुर्द या गावी 21 ऑगस्ट 2021 रोजी जे घडले, त्याचा क्रमही काहीसा असाच होता.

त्या दिवशी गावातील दलित कुटुंबांतील सात जणांना भर चौकात बांधून काठ्यांनी मारण्यात आले. त्यांत वृद्ध स्त्रियाही होत्या. आरोप भानामतीचा. मोहरमच्या निमित्ताने काही स्त्रियांच्या अंगात आले आणि त्यांनी नावे घेतली, हाच काय तो पुरावा! जखमींना चंद्रपूरच्या रुग्णालयात हलवावे लागले. गुन्हे नोंदले गेले, अटकाही झाल्या.

परंतु अंगात आलेल्या बाईच्या तोंडी नेमकी हीच नावे का यावीत? अशा वेळी परक्या माणसाचे नाव सहसा येत नाही. ज्याच्याविषयी पाणवठ्यावर, पारावर आणि चुलीपुढे आधीपासून बोलले जाते, त्याचेच येते. एखाद्याचे मूल तापाने फणफणते, दुभती गाय आटते. दवाखाना दूर असतो, कारण मात्र तातडीने हवे असते. कोणी एक नाव पुटपुटतो. दुसरा ‘मीही ऐकले’ म्हणतो, तिसऱ्याला बांधावरचा जुना तंटा आठवतो. मग त्या घरचे बोलावणे बंद होते, मुलांना तिकडे फिरकू दिले जात नाही. खोटे बोलल्याचा दोष कोणाच्याच माथी येत नाही, कारण प्रत्येकाने केवळ ऐकलेले सांगितलेले असते. ज्याचे नाव घेतले जाते, त्याच्या कानी ही वार्ता बहुधा सर्वांत शेवटी जाते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर 2013 साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. वणी खुर्दची मारहाण त्यांच्या आठव्या स्मृतिदिनाच्या दुसऱ्याच दिवशी झाली, हा योगायोग विषण्ण करणारा आहे. या कायद्याची ओळख नरबळी आणि भोंदूबाबा यांच्यापुरतीच राहिली. वस्तुतः अमुक व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावरांचे दूध आटवते किंवा रोगराई पसरवते, असे भासवून तिचे जगणे कठीण करणे, हाही त्याच्या अनुसूचीप्रमाणे गुन्हाच आहे; शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. म्हणजे कायद्याने काठीच्या आधीचा शब्दही ओळखला आहे. अंमल मात्र बहुधा काठीनंतरच सुरू होतो. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे मे 2024 मध्ये जादूटोण्याच्या संशयावरून एक स्त्री व एक पुरुष यांना जिवंत जाळण्यात आले. तेथेही अटकसत्र झाले ते राख झाल्यावर.

गावात पोलीस पाटील असतो, शिक्षक असतात, आशा कार्यकर्ती घरोघर फिरते. कुजबूज यांच्या कानी पडत नाही, असे मानणे कठीण आहे. पण ती फिर्याद होऊन पोलीस ठाण्यापर्यंत जायची, तर जिच्याविषयी बोलले जाते त्याच म्हातारीने वाट तुडवत जायला हवे; आणि तेथे साक्षीदार म्हणून तिने नावे द्यायची ती त्याच शेजाऱ्यांची.