परदेशच्या शाळेंत नोकरीला जातांना

शिक्षकानें एका गांवीं रुजावें, तेथल्याच दोन पिढ्या शिकवाव्या आणि तेथेंच सेवानिवृत्त व्हावें, अशी आपल्याकडे पूर्वापार रीत आहे. ती आतां पुष्कळच सैल झाली आहे. अरबी आखाताच्या कांठीं भारतीय अभ्यासक्रम शिकविणाऱ्या शाळा आज ठिकठिकाणीं आहेत. दुबईंतील इंडियन हायस्कूल १९६१ सालीं निघालें, मस्कतची भारतीय शाळा १९७५ सालीं. आणि या शाळांना शिक्षक लागतात ते बहुतांशीं भारतांतूनच. पुण्यामुंबईची किंवा नागपूरची एखादी बी. एड. झालेली गणिताची शिक्षिका संगणकाच्या पडद्यावर मुलाखत देते, पसंत पडते, आणि 'दोन महिन्यांत हजर व्हावें' असें पत्र तिच्या हातीं येतें. घरांत आनंद होतो. मग पेट्या, कपडे आणि लोणच्याच्या बरण्या यांची चर्चा सुरू होते, आणि खरी तयारी तशीच मागें राहते. त्या खऱ्या तयारीविषयीं आज बोलावयाचें आहे. उदाहरणासाठीं मी संयुक्त अरब अमिराती हा देश समोर ठेवतों. ओमान, कतार, कुवेत येथें तपशील बदलतात, परंतु सांगाडा पुष्कळसा तोच राहतो.

येथील अनुदानित शाळेंतील कायमची नोकरी एकदां सोडली म्हणजे ती त्याच ज्येष्ठतेनें परत मिळेल असें कोणीं धरून चालूं नये. नवराबायकोपैकीं एकाच्या नोकरीसाठीं दुसऱ्यानें आपली सोडावयाची असेल, तर दोन नोकऱ्या पणाला लागतात. म्हणून राजीनामा हा या तयारीचा आरंभ नव्हे; तो तिचा शेवट आहे. अमिरातींतील भारतीय शाळांचें वर्ष एप्रिलमध्यें सुरू होतें. मुलाखत थंडीच्या दिवसांत झाली तर हातीं दोन-अडीच महिने उरतात, आणि कागदपत्रांना त्याहून अधिक वेळ सहज लागतो. सबब नोकरीचा अर्ज करण्याच्याहि आधीं कागदांना हात घालावा.

कागदांत पहिला मान पदवीच्या प्रमाणपत्राला. पदवीदान समारंभाला न गेलेल्या पुष्कळांनीं हें प्रमाणपत्र विद्यापीठांतून कधीं आणलेलेंच नसतें. गुणपत्रिकेच्या बळावर त्यांची सारी नोकरी निभावलेली असते. परदेशीं तेवढ्यानें भागत नाहीं. पदवी आणि बी. एड. या दोहोंचीं मूळ प्रमाणपत्रें हवींत, आणि त्यांवर साक्षांकन हवें. हें साक्षांकन, ज्याला सारे लोक अटेस्टेशन म्हणतात, उतरंडीसारखें असतें; खालचें मडकें बसल्यावांचून वरचें बसत नाहीं. ज्या राज्यांतील विद्यापीठाची पदवी, त्या राज्याच्या सरकारचा शिक्का प्रथम. त्यावर भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाचा. त्यावर अमिरातींच्या दिल्लींतील दूतावासाचा किंवा मुंबईंतील वाणिज्य दूतावासाचा. आणि सर्वांत वर त्या देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाचा. पदवी कोल्हापूरची आणि बी. एड. धारवाडचें असेल, तर पहिल्या पायरीलाच दोन राज्यें आलीं. मध्यंतरीं विद्यापीठानें 'प्रमाणपत्र खरें आहे' असें कळविण्यास विलंब लावला, कीं सारें काम तेथेंच अडून बसतें.

ज्या देशांनीं १९६१ चा हेग येथील करार मान्य केला आहे, त्यांच्यापुरती ही उतरंड ठेंगणी होते. भारत त्यांत २००५ सालीं सामील झाला. ओमानहि त्यांत आहे. तेथें जाणाऱ्याच्या कागदावर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचें 'अपोस्टिल' लागलें म्हणजे दूतावासाची पायरी गळते. अमिराती त्या करारांत नाहींत.

पण शिक्क्यांहून मोठा घोटाळा नांवांचा असतो, आणि तो खास आपला, महाराष्ट्राचा आहे. आपल्या शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्रावर आडनांव आधीं येतें, मग स्वतःचें नांव, मग वडिलांचें. पासपोर्टावर आडनांवाचा रकाना निराळा असतो आणि उरलेलीं दोन नांवें दुसऱ्या रकान्यांत जातात. इंग्रजी लिपींत 'दीक्षित'मधला दीर्घ ईकार एका कागदावर एका अक्षरानें लिहिलेला असतो, तर दुसऱ्यावर दोन अक्षरांनीं. पुरुषांचें तेवढ्यावर निभावतें. स्त्रियांचें काय होतें तें पहा. समजा, मालती विष्णु साठे या मुलीचें नांव लग्नानंतर मानसी रमेश कर्वे असें झालें. शालान्त परीक्षा, पदवी, बी. एड. सारें मालती साठे हिच्या नांवें. पासपोर्ट आणि अनुभवाचें प्रमाणपत्र मानसी कर्वे हिच्या नांवें. आपल्याला हें इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं त्यांत अडचण आहे हें ध्यानींहि येत नाहीं. परक्या देशांतील कारकुनाला मात्र तिन्ही नांवें निराळीं असलेल्या या दोन भिन्न स्त्रिया दिसतात, आणि त्यासाठीं त्याला दोष देतां येणार नाहीं.

यावर उपाय आहेत, पण ते रात्रींतून होत नाहींत. नांवांतील बदल राज्य सरकारच्या राजपत्रांत प्रसिद्ध करून घ्यावा. विवाहनोंदणीचें प्रमाणपत्र काढावें, आणि त्यावरहि वरील उतरंडीचे शिक्के घ्यावे. जुन्या लग्नांची नोंदणीच पुष्कळदां झालेली नसते. लग्नपत्रिका आणि कार्यालयाची पावती परदेशीं पुरावा म्हणून चालत नाहीं. महाराष्ट्रांतील १९९८ च्या कायद्याप्रमाणें उशिरांहि नोंदणी करतां येते, ती अगोदर करावी. मुलांच्या जन्मदाखल्यांवर त्यांचीं नांवें चढलीं आहेत कीं केवळ 'मुलगा' अथवा 'मुलगी' एवढाच उल्लेख आहे, हेंहि त्याच बैठकीला पहावें. मला विचाराल तर, परदेशीं काम करण्याचा ज्या मुलीचा थोडाहि मानस असेल तिनें लग्नांत निदान आपलें पहिलें नांव तरी बदलूं देऊं नये. पण तो वेगळ्या भाषणाचा विषय होईल.

प्रमाणपत्र खरें ठरलें, तरी तें त्या देशांतील पदवीच्या तोडीचें आहे काय, हा प्रश्न उरतोच. २०१८ च्या सुमारास अमिरातींत वर्षानुवर्षें शिकवीत असलेल्या अनेक भारतीय शिक्षकांवर यामुळें संकट ओढवलें. आपल्या गुणपत्रिकांवर अंतर्गत आणि बहिर्गत असे गुणांचे दोन रकाने असतात. वर्गांत केलेल्या कामाचे गुण अंतर्गत, विद्यापीठाच्या परीक्षेचे बहिर्गत. आपल्याकडे शाळकरी पोरालाहि हें ठाऊक असतें. तेथें 'बहिर्गत' याचा अर्थ बाहेरून परीक्षेला बसलेला विद्यार्थी असा घेतला गेला, आणि नियमित महाविद्यालयांत शिकलेल्यांच्या पदव्या अडून पडल्या. पुढें उभय देशांच्या अधिकाऱ्यांनीं खुलासे केले. म्हणून आपण कोणत्या महाविद्यालयांत, किती वर्षें, प्रत्यक्ष वर्गांत बसून शिकलों, असें विद्यापीठाचें स्पष्ट पत्र आधींच घेऊन ठेवावें. ज्यांनीं मुक्त विद्यापीठांतून किंवा पत्रद्वारा बी. एड. केलें असेल, त्यांनीं तें शाळेला मुलाखतींतच सांगून लेखी उत्तर मागावें. त्यांच्या पदवीला कमी लेखण्याचा हेतु नाहीं. पण राजीनामा दिल्यावर नकार येण्यापेक्षां तो आधीं आलेला बरा.

आतां करार. पगाराचा एकूण आंकडा ऐकून त्याला रुपयांनीं गुणण्याचा मोह सर्वांना होतो. त्याऐवजीं त्या आंकड्यांत मूळ वेतन किती आणि भत्ते किती, हें विचारावें. नोकरी सोडतांना मिळणारें उपदान केवळ मूळ वेतनावर मोजलें जातें: निदान एक वर्ष नोकरी झालेली असल्यास, पहिल्या पांच वर्षांत दर वर्षास २१ दिवसांचें मूळ वेतन आणि पुढें दर वर्षास ३० दिवसांचें. दोन शाळा दरमहा ६,००० दिरहमच देतात. पण एकीचें मूळ वेतन २,४०० आणि दुसरीचें ३,६००, असें समजा. पांच वर्षांनंतर पहिल्या शाळेंतून निघणाऱ्यास ८,४०० दिरहम मिळतील, दुसरींतून निघणाऱ्यास १२,६००. बोलणें झालें तेव्हां दोन्ही नोकऱ्या सारख्याच वाटल्या होत्या!

त्या देशाचा २०२१ चा कामगार कायदा २०२२ च्या फेब्रुवारीपासून अंमलांत आहे, आणि त्यांतील कांहीं गोष्टी प्रत्येक शिक्षकानें पाठ कराव्या. परीक्षाकाळ सहा महिन्यांहून अधिक असूं शकत नाहीं. त्या काळांत नोकरीवरून दूर करावयाचें झाल्यास शाळेनें १४ दिवसांची लेखी सूचना दिली पाहिजे. नेमणुकीचा खर्च प्रत्यक्ष वा आडवळणानें कामगाराकडून वसूल करतां येत नाहीं. नेमणुकीचें अधिकृत पत्र अरबी व इंग्रजीबरोबर तिसऱ्या भाषेंतहि मिळतें आणि त्यासाठीं हिंदी निवडतां येते. तें घरांतील वडील माणसांसह वाचावें. उन्हाळ्याच्या सुटींतील पगार, मुलांच्या शुल्कांतील सवलत, राहण्याची जागा एकट्याची कीं कुटुंबाची, या गोष्टी तोंडीं राहूं देऊं नयेत.

मध्यस्थांविषयीं थोडक्यांत. परदेशीं नोकऱ्या लावणाऱ्या दलालाला १९८३ च्या कायद्याप्रमाणें भारत सरकारकडे नोंदणी करावी लागते, आणि त्याचें शुल्क ३०,००० रुपये व त्यावरील कर यांहून अधिक असूं नये. नोंदणी-क्रमांक विचारतांच जो रागावतो त्याच्या दारांत पुन्हां जाऊं नये. 'आतां पर्यटकाच्या परवान्यावर या, पुढचें तेथें पाहूं' असें कोणीं सांगितलें, तर तें सपशेल नाकारावें. त्या परवान्यावर काम करणें गुन्हा आहे, आणि अडकतो तो शिक्षकहि.

तेथें पोंचल्यावर निवासाच्या परवान्यासाठीं रक्त आणि छातीचें क्ष-किरण चित्र तपासतात. ज्यांना पूर्वीं क्षय होऊन बरा झाला असेल, त्यांच्या फुप्फुसावरील जुना व्रण त्या चित्रांत दिसतो आणि पुढील चौकशी लागते. अशांनीं येथेंच चित्र काढून, उपचारांचे जुने कागद डॉक्टरांच्या पत्रासह जवळ ठेवावे. नेहमींचीं औषधें न्यावयाचीं असल्यास त्यांची यादी आधीं तपासावी. कोडीन किंवा ट्रामाडोल असलेलीं खोकल्याचीं व दुखण्याचीं औषधें तेथें नियंत्रित आहेत आणि त्यांना पूर्वपरवानगी लागते. आणि गृहिणींनीं विशेष लक्ष द्यावें: खसखस नेऊं नये. अनारशाला लावावयाची ती साधी खसखस तेथील कायद्यानें निषिद्ध आहे, कारण ती अफूचें बीं ठरते. घरीं केलेल्या मसाल्याच्या पुडींत ती भाजून घातलेली असते हें विसरूं नये. बाकी डाळी, पोहे, कुकर यांचें ओझें वाहण्याचें कारण नाहीं. दुबईच्या बाजारांत सारें मिळतें.

कुटुंब नेण्याचा अधिकार २०१९ पासून व्यवसायावर नसून उत्पन्नावर ठरतो: दरमहा ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहण्याची सोय. ही कायद्याची किमान मर्यादा झाली. संसार तेवढ्यांत चालेल असें समजूं नये. दुबईंत घरभाडें महिन्याचें नव्हे, वर्षाचें बोलतात, आणि तें बहुधा एक ते चार धनादेशांत विभागून सारे धनादेश आगाऊच द्यावे लागतात, शिवाय अनामत. म्हणून शिक्षकानें प्रथम एकट्यानें जावें, परीक्षाकाळ पार पाडावा आणि मग मुलांना बोलवावें, असें माझें मत आहे. मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी येथूनच घ्यावी. पहिलीपासून नववीपर्यंत तेथील खासगी शाळांत अरबी हा विषय घ्यावाच लागतो. सातवी-आठवींत एकदम जाणाऱ्या मुलाला त्याची धास्ती वाटते. मराठीची सोय मात्र बहुतेक घरींच करावी लागते, तेव्हां पेटींत जी जागा कुकरची वांचली ती पुस्तकांना द्यावी.

निघण्यापूर्वीं बँकेंत जाऊन आपण परदेशीं नोकरीस जात असल्याचें कळवावें आणि साधें बचत खातें अनिवासी खात्यांत बदलून घ्यावें. घर, जमीन किंवा भाडेकरू मागें राहणार असतील तर विश्वासू नातलगाच्या नांवें मुखत्यारपत्र करून द्यावें. तें येथें असतांना सोपें असतें. परदेशांतून करावयाचें झाल्यास आपल्या दूतावासांत सही करून तें टपालानें पाठवावें लागतें, आणि येथें पोंचल्यापासून तीन महिन्यांच्या आंत त्यावर मुद्रांक शुल्क भरावें लागतें.