ओव्याचं तेल पाण्यात उतरवायचं कसं?

ओव्यातला थायमॉल आणि लवंगेतला युजेनॉल जीवाणूंना मारतात, हे प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. आजीच्या बटव्याचं कौतुक करायला एवढी माहिती पुरते, अन्न सुरक्षित करायला पुरत नाही. जीवाणूंचा मुक्काम ओलाव्यात, आणि ही तेलं पाण्याला दाद देत नाहीत. टोमॅटो धुण्याच्या पाण्यात चार थेंब टाकले तर ते तरंगतात नाहीतर भांड्याच्या कडेला चिकटतात. सालीवरचा साल्मोनेला जागच्या जागी राहतो. मायक्रोइमल्शनकडे पाहायचं ते या अडचणीवरचा तोडगा म्हणून. मारण्याची ताकद तेलात आधीपासूनच आहे, प्रश्न ती पोचवण्याचा आहे.

दूध आणि मेयोनीज हीसुद्धा तेल-पाण्याची मिश्रणंच, म्हणजे इमल्शनं. त्यांतले स्निग्धांशाचे थेंब मोठे असतात, प्रकाश विखुरतात, म्हणून ती पांढरट दिसतात. कच्चं दूध ठेवून दिलं की साय वर येते. होर आणि शुलमन या शास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये तेल-पाण्याच्या एका निराळ्या, पारदर्शक मिश्रणाचं वर्णन केलं आणि १९५९ मध्ये शुलमन व सहकाऱ्यांनी त्याला मायक्रोइमल्शन हे नाव दिलं. यातले थेंब साधारण १० ते १०० नॅनोमीटरचे. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते, त्यामुळे तो जवळजवळ न अडता आरपार जातो. गंमत अशी की याला घुसळण लागत नाही. तेल, पाणी आणि या दोघांना एकत्र धरून ठेवणारा पदार्थ, म्हणजे इमल्सिफायर, यांचं प्रमाण जमलं की मिश्रण आपसूक तयार होतं आणि तापमान फारसं बदललं नाही तर फुटत नाही. खाण्याजोगं हवं म्हटलं की मात्र पदार्थांची यादी आखडते: लेसिथिन, पॉलिसॉर्बेट, ग्लिसरॉल, असे थोडेच उरतात. त्यांत मला सर्वांत रोचक वाटतं ते मोनोलॉरिन. खोबरेल तेलात जवळपास निम्मं असणाऱ्या लॉरिक आम्लापासून ते बनतं, इमल्सिफायर म्हणून चालतं आणि स्वतः जीवाणूंचं पटलही खिळखिळं करतं. पटल फाटलं की पेशीतला ऐवज बाहेर गळतो. फ्रीजच्या थंडीतही वाढणाऱ्या लिस्टेरियावर ते चांगलं चालतं, ई. कोलाय आणि साल्मोनेला यांना मात्र बाहेरून आणखी एक आवरण असतं आणि तिथे एकटं मोनोलॉरिन थिटं पडतं.

मग हे मिश्रण सरळ खाद्यपदार्थातच का घालू नये? पहिला आक्षेप इमल्सिफायरच्या प्रमाणाचा, आणि तो रास्त आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये पॉलिसॉर्बेटची रोजची मर्यादा दर किलो वजनामागे २५ मिलिग्रॅम ठरवली; ६० किलोच्या माणसाला दीड ग्रॅम. पाचवा हिस्सा पॉलिसॉर्बेट असलेलं मिश्रण दहा ग्रॅम पोटात गेलं की ही मर्यादा ओलांडली जाते. त्याच वर्षी उंदरांवरच्या एका अभ्यासात पॉलिसॉर्बेट ८० मुळे आतड्यातली जीवाणूसृष्टी बिघडून सौम्य दाह झाल्याचं आढळलं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरं. पण रोजच्या ताटासाठी सावध राहायला तेवढं कारण पुरे. दुसरी अडचण अधिक बोचरी आहे. जंतुपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत संरक्षक द्रव्यांचा परिणाम थांबवायला हेच पॉलिसॉर्बेट ८० वापरतात. म्हणजे इमल्सिफायर जास्त झाला तर हमाल ओझं दारात उतरवायलाच तयार होत नाही! त्यात चीज किंवा मांस असेल तर त्यातली चरबी आणि प्रथिनं तेलाला आपल्याकडे ओढून घेतात. परीक्षानळीत पुरलेली मात्रा तिथे तोकडी पडते आणि मात्रा वाढवली की स्ट्रॉबेरीलाही ओव्याचा वास येतो.

म्हणून याची खरी जागा धुण्याच्या पाण्यात आहे, असं माझं मत. तिथे चरबी नाही, आणि नंतर स्वच्छ पाण्याने खळबळलं की इमल्सिफायरही बराचसा निघून जातो. क्लोरीन स्वस्त असताना हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. क्लोरीन माती आणि पाल्याच्या रसाशी झुंजण्यातच खर्ची पडतो, त्यामुळे गढूळ पाण्यात त्याचा जोर ओसरतो. शिवाय त्यातून नकोशी संयुगंही तयार होतात. तरीही किमतीच्या बाबतीत तोच जिंकतो, हे मान्य करायला हवं.

आणि धुण्यालाही सीमा आहे. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलायची साथ पसरली आणि ५० हून अधिक माणसं दगावली. बियांच्या भेगांत दडलेल्या आणि मोडाबरोबर वाढणाऱ्या जीवाणूंपर्यंत कोणतंही धुणं खात्रीने पोचत नाही. तेव्हा लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना मोड आलेली कडधान्यं कच्ची देऊ नका, नीट वाफवून द्या.