कामातून घडलेली जात : बॉर्डर कॉली

इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवर चेव्हियट टेकड्या पसरल्या आहेत. झाडी तुरळक, वारा बोचरा, पाऊस कधीही यायचा आणि मेंढ्या उतारांवर दूरवर पांगलेल्या. अशा मुलखात मेंढपाळ दिवसभर धावला, तरी एकट्याने कळप गोळा करणे त्याला जमायचे नाही. त्याचे हे काम ज्या कुत्र्याने अंगावर घेतले, तो बॉर्डर कॉली. आज न्यूझीलंडपासून अमेरिकेपर्यंत मेंढ्या हाकायला त्याचेच वंशज राबतात. कान कसे असावेत, केस किती लांब असावेत, रंग कोणता असावा, हे या जातीच्या मूळ मेंढपाळांनी कधी ठरवलेच नाही. त्यांनी पाहिले ते फक्त काम, आणि त्या कामानेच ही जात घडवली.

तिची पार्श्वभूमी जुनी आहे. इंग्रज वैद्य जॉन कीज यांनी १५७० मध्ये ब्रिटनमधल्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिले. त्यात मेंढपाळाच्या कुत्र्याचे वर्णन आहे. हा कुत्रा फार मोठा नाही, कारण इंग्लंडात लांडगाच उरलेला नाही. मालकाचा आवाज किंवा शिटी ऐकून तो भरकटलेल्या मेंढ्या हव्या त्या जागी आणतो. या वर्णनातले कारण महत्त्वाचे आहे. आपल्याकडे सोलापूर-नगरच्या माळांवर लांडगा अजून आहे, म्हणून धनगराच्या कुत्र्याचे मुख्य काम राखणीचे. रात्री मेंढ्या कोंडलेल्या वाघरीभोवती जागायचे आणि प्रसंगी लांडग्याच्या अंगावर जायचे. ब्रिटनमध्ये लांडगा संपला आणि राखणीची गरज ओसरली. चपळ, हलका, सांगितलेले ऐकणारा कुत्रा पुढे आला.

या कुत्र्याची खरी ताकद त्याच्या नजरेत आहे. लांडगा शिकार करतो तेव्हा आधी सावज हेरतो, नजर रोखून दबकत पुढे सरकतो, मग पाठलाग करतो, पकडतो आणि मारतो. बॉर्डर कॉलीत या साखळीच्या सुरुवातीच्या कड्या पक्क्या झाल्या आणि शेवटच्या दबून गेल्या. म्हणून तो मान खाली घालून, पोट जमिनीलगत नेऊन, मेंढ्यांवर डोळे रोखून सरकतो. मेंढ्यांना धाक वाटतो, पण त्यांच्या अंगावर दात उमटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळांनी अशाच कुत्र्यांची पिल्ले ठेवली.

असा कुत्रा काय करू शकतो, याची स्कॉटलंडमधल्या एट्रिकचे मेंढपाळ आणि लेखक जेम्स हॉग यांनी आपल्या सिरा या कुत्र्याच्या निमित्ताने हकिकत लिहून ठेवली आहे. आयांपासून नुकतीच तोडलेली सातशे कोकरे मध्यरात्री बिथरली आणि तीन टोळ्या करून डोंगरात उधळली. हॉग आणि त्यांचा सोबती रात्रभर शोधत फिरले, पण हाती काही लागले नाही. उजाडल्यावर एका खोल घळीत सिरा उभा दिसला, आणि त्याच्यापुढे कोकरांचा कळप. एकही कमी नव्हते.

अशा कुत्र्यांची परीक्षा सगळ्यांसमोर घ्यावी, या कल्पनेतून ९ ऑक्टोबर १८७३ रोजी वेल्समधील बाला येथे ब्रिटनमधली पहिली नोंदलेली मेंढीराखण स्पर्धा झाली. रिवलास इस्टेटचे मालक रिचर्ड जॉन लॉइड प्राइस यांनी ती भरवली. जिंकले जेम्स थॉमसन. ते वेल्समध्ये राहणारे स्कॉटिश गृहस्थ होते आणि त्यांच्या लहानखुऱ्या कुत्र्याचे नाव होते ट्वीड.

वीस वर्षांनी, सप्टेंबर १८९३ मध्ये, नॉर्थंबरलंडमधल्या वेस्ट वुडबर्न येथे अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे हेम्प नावाचे पिल्लू जन्मले. त्याचा बाप रॉय मनमिळाऊ होता, पण त्याच्या नजरेत जोर नव्हता. आई मेग बुजरी, मात्र तिच्या नजरेचा धाक इतका की कधी कधी तीच त्या नजरेत अडकून पडे. टेल्फरनी दोन टोकांचा हा जोड लावला आणि मधला तोल हेम्पमध्ये उतरला. तो शांतपणे काम करी आणि मेंढ्या न बिथरता त्याचे ऐकत. त्याच्यापासून पिल्ले मिळावीत म्हणून दुरून दुरून लोक येत. मे १९०१ मध्ये, आठ वर्षेही पुरी होण्याआधी, हेम्प गेला. तोवर त्याची पिल्ले दोनशेच्या वर झाली होती असे मानतात. आजच्या जवळजवळ प्रत्येक बॉर्डर कॉलीची वंशावळ ‘ओल्ड हेम्प’पर्यंत पोहोचते.

१९०६ मध्ये स्कॉटलंडमधल्या हॅडिंग्टन येथे इंटरनॅशनल शीपडॉग सोसायटी स्थापन झाली. जातीला ‘बॉर्डर कॉली’ हे नाव रूढ करण्याचे श्रेय तिचे सचिव जेम्स रीड यांना दिले जाते. सोसायटीच्या सर्वोच्च स्पर्धेची अंतिम फेरी फार कठीण असते. कुत्र्याने दूरवर उभ्या असलेल्या दहा-दहा मेंढ्यांच्या दोन टोळ्या एकामागून एक आणायच्या. मग त्या वीसमधून पट्टा नसलेल्या पंधरा वेगळ्या काढायच्या आणि गळ्यात पट्टा असलेल्या पाचच कोंडवाड्यात घालायच्या. वेळ तीस मिनिटे. १९६५ मध्ये ही स्पर्धा विस्टन कॅपने जिंकली, तेव्हा तो दोन वर्षांचाही नव्हता. पुढे त्याचाही वंश हेम्पसारखाच सर्वदूर पसरला.

मैदानावरच्या या कसोटीला प्रदर्शनांची स्पर्धा आधीपासूनच होती. एकोणिसाव्या शतकात राणी व्हिक्टोरियाला बाल्मोरलमध्ये कॉली आवडले आणि प्रतिष्ठित घरांत त्यांची हौस सुरू झाली. प्रदर्शनांतून लांब नाकाचा, झुबकेदार आयाळीचा कॉली घडत गेला. ‘लॅसी’ चित्रपटांतून आपल्याला ठाऊक आहे तो हाच. तो देखणा झाला, पण मेंढ्यांचे काम त्याच्या बहुतेक घराण्यांतून सुटत गेले. म्हणून १९७६ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने आणि १९९५ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने बॉर्डर कॉलीला मान्यता दिली, तेव्हा मेंढपाळांना काळजी वाटली. अमेरिकेत तर कामाचे कुत्रे पाळणाऱ्यांनी उघड विरोध केला. मला त्यांची भीती रास्त वाटते. बुद्धी, संयम, मालकाशी जोडलेले लक्ष हे गुण आरशात दिसत नाहीत. रूपावरून निवड सुरू झाली की ते चार-सहा पिढ्यांत विरून जाऊ शकतात.

या गुणांची खोली संशोधकांनाही दिसली आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन पिली यांनी चेसर या बॉर्डर कॉलीला एक हजाराहून अधिक खेळण्यांची नावे शिकवली, आणि २०११ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. आता पुण्या-मुंबईच्या सदनिकांतही हा कुत्रा दिसतो. त्याला घरी आणणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे, की याला रोज काय काम देणार? नुसते फिरवून त्याचे भागत नाही. डोक्याला काम मिळाले नाही की तो मोटारींमागे धावतो, सावल्यांचा पाठलाग करतो, घरातल्या मुलांनाच वळायला लागतो. हा त्याचा वाईटपणा नव्हे, त्याच्या रक्तातले काम वाट शोधत असते.

इंटरनॅशनल शीपडॉग सोसायटीच्या नियमांत या जातीचे सार आहे. आईबापांची नोंद नसलेल्या कुत्र्यालाही तिथे प्रवेश मिळू शकतो; मुख्य अट ही, की मेंढ्यांवरचे त्याचे काम परीक्षकांच्या कसोटीला उतरले पाहिजे. कागद नसला तरी चालतो, काम यावे लागते. बॉर्डर कॉली टिकवायचा असेल, तर याच दाराने आत येणारे कुत्रे आणि ते तयार करणारे मेंढपाळ टिकले पाहिजेत.