वाटी, खोबण आणि गोळ्यांचा डबा

छोट्या कुत्र्याची ही चाल एकदा ओळखता आली की बागेत, सोसायटीच्या आवारात, कुठेही ती डोळ्यांत भरते. तुरुतुरु पळता पळता मागचा एक पाय वर उचलला जातो, तीन-चार पावलं लंगडी होते, मग पाय मागे ताणून एक झटका आणि पुन्हा चारी पाय जमिनीवर. कुत्रा केकाटत नाही, थांबत नाही, आणि बघणाऱ्यांना गंमत वाटते. प्रत्यक्षात गुडघ्याची वाटी खोबणीतून आतल्या अंगाला सटकलेली असते आणि त्या झटक्यासरशी परत जागेवर बसते.

गेल्या तीसेक वर्षांत या सटकणाऱ्या वाटीसाठी कुत्र्यांना काय काय खाऊ घातलं गेलं, याचा हिशेब मांडायला आता हरकत नाही. सिरपं झाली, गोळ्या झाल्या, चघळायच्या वड्या, शिंपल्यांची भुकटी, माशाचं तेल, शेवटी हळदही. माझं मत आधीच सांगून टाकतो. या यादीतल्या एखाद्या गोष्टीचा उपयोग आहे, पण ज्या डब्यावर लोकांनी सगळ्यात जास्त पैसे घातले, तो डबा त्यात नाही.

मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला एक उभी खोबण असते. सरकत्या खिडकीची काच पट्टीत सरकावी तशी वाटी तिच्यात वर-खाली होते. पॉमेरेनियन, चिवावा, यॉर्कशायर टेरियर, टॉय पूडल, पग अशा जातींत ही खोबण अनेकदा उथळ असते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मांडीचा स्नायू, वाटी आणि नडगीच्या हाडावरचा उंचवटा एका रेषेत नसतात. मग स्नायू आकसला की वाटी आत ओढली जाते. याच्या चार पायऱ्या 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून रूढ आहेत. पहिल्या पायरीत वाटी बोटाने ढकलली तरच सटकते आणि सोडली की परत येते. दुसरीत ती आपली आपण जाते-येते, आणि रस्त्यावर दिसणारी लंगडी बहुधा हीच. तिसरीत ती बहुतेक वेळ बाहेरच असते, हाताने बसवली तरी टिकत नाही. चौथीत हातानेही बसत नाही. हे तपासायला यंत्र लागत नाही. डॉक्टर अंगठ्याने वाटी धरतात, दुसऱ्या हाताने पाय सरळ करून हळूच आत वळवतात, आणि सरावलेल्या अंगठ्याखाली 'टक्' होतं. एक्स-रे नंतरचा.

लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने 2016 मध्ये इंग्लंडमधल्या दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा शंभरात साधारण 1.3 कुत्र्यांना हे दुखणं आढळलं. पॉमेरेनियनमध्ये शक्यता संकरित कुत्र्यांच्या सहापट आणि वर. चिवावा, यॉर्कशायर टेरियर आणि फ्रेंच बुलडॉग पाचपटीच्या पुढे.

आपल्याकडे मध्यमवर्गीय फ्लॅटमध्ये छोटा कुत्रा शिरला तो पांढऱ्या केसाळ 'पॉम'च्या रूपाने. त्यातले बरेचसे खरं तर इंडियन स्पिट्झ. 1994 मध्ये 'हम आपके हैं कौन' मधल्या टफीने त्याला आणखी भाव आणला. 2003 मध्ये हचच्या जाहिरातीतल्या पगने त्याची जागा घेतली, मग शिह-त्झूंचा काळ आला. जाती बदलत गेल्या, गुडघे तसेच राहिले. त्या सुरुवातीच्या काळात कुत्रा लंगडला की एकच औषध होतं, कॅल्शियमचं सिरप. 'हाडं कच्ची आहेत' हे निदान शेजारच्या काकूसुद्धा करत. वाटीच्या रेषेशी कॅल्शियमचा काहीएक संबंध नव्हता, पण बाटली स्वस्त होती आणि काहीतरी केल्याचं समाधान मिळत होतं.

कॅल्शियमनंतर सांध्यांसाठी ग्लुकोसामीन आलं ते अमेरिकेतून. तिथे 1994 मध्ये माणसांच्या पूरक आहारासाठी सैल कायदा झाला, आणि 1997 मध्ये जेसन थिओडोसाकिस या डॉक्टरांच्या 'द आर्थ्रायटिस क्युअर' या पुस्तकाने ग्लुकोसामीन-कॉन्ड्रॉइटिनची जोडी घराघरांत पोचवली. कुत्र्या-घोड्यांसाठीची अशीच उत्पादनं त्याच दशकात बाजारात होती. गंमत म्हणजे तो सैल कायदा जनावरांना लागू नाही, असं अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने 1996 मध्येच स्पष्ट केलं होतं. विक्री त्यामुळे थांबली नाही. ग्लुकोसामीन बनतं कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांपासून, कॉन्ड्रॉइटिन जनावरांच्या किंवा शार्कच्या कूर्चेपासून. अंडंही वर्ज्य असलेल्या घरांत ही गोळी रोज सकाळी तुपाच्या पोळीत गुंडाळून दिली जात असेल, तर लेबलावरची बारीक अक्षरं कुणी वाचली नाहीत ते बरंच झालं. आपल्याकडच्या अशा कित्येक डब्यांवर आणखी एक ओळ छापलेली असते: 'नॉट फॉर मेडिसिनल यूज'. इतका प्रामाणिक खुलासा समोर असून आपण तो औषध म्हणूनच विकत घेत आलो.

पहिला मोठा धक्का माणसांच्या बाजूने बसला. 2006 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये गुडघेदुखीच्या 1,583 रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. एकूण रुग्णांत ग्लुकोसामीन, कॉन्ड्रॉइटिन किंवा दोन्ही मिळून, काहीच खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीपेक्षा ठळकपणे सरस ठरलं नाही. खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी मात्र साठ टक्के लोकांना बरं वाटलं होतं. कुत्र्यांच्या बाबतीत चित्र गढूळ राहिलं. 2003 मधल्या एका प्रयोगात वेदनाशामकांनी फरक पडला, या जोडीने नाही. 2007 मधल्या दुसऱ्या प्रयोगात 35 कुत्र्यांपैकी ही जोडी घेणारे सत्तराव्या दिवशी सुधारलेले दिसले, पण त्यात खोट्या गोळीचा गटच नव्हता. कंपन्यांनी अर्थातच दुसरा प्रयोग उचलून धरला. 2022 मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी कुत्र्या-मांजरांवरच्या 72 चाचण्या एकत्र चाळल्या आणि निकाल सरळ दिला: ग्लुकोसामीन-कॉन्ड्रॉइटिनचा परिणाम दिसत नाही, दुखणाऱ्या सांध्यांसाठी ते देणं थांबवावं.

यात छोट्या कुत्र्यांच्या मालकांनी लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट दडलेली आहे. 2007 च्या प्रयोगातले कुत्रे खुब्याच्या नाहीतर कोपराच्या संधिवाताचे होते. अशा अभ्यासांत मोठ्या अंगाच्या जातीच जास्त दिसतात. तीन किलोच्या पॉमची सटकणारी वाटी हा प्रश्नच वेगळा. संधिवात हा कूर्चा झिजण्याचा मामला आहे, वाटी सटकणं हा मापात न बसलेल्या हाडांचा. डब्यातली कुठलीही गोळी खोबण खोल करत नाही.

मग इतक्या लोकांना फरक कसा दिसला? मला वाटतं, या दुखण्याच्या स्वभावातच त्याचं उत्तर आहे. दुसऱ्या पायरीची वाटी येते-जाते. एक आठवडा कुत्रा दिवसातून दहादा लंगडतो, पुढचे तीन आठवडे एकदाही नाही. मालक दुकानात जातो तो त्या वाईट आठवड्यात. त्यानंतर येणारा बरा महिना गोळीच्या खात्यावर जमा होतो. पुन्हा लंगडला की 'मध्ये दोन दिवस द्यायची राहिली' हे कारण तयारच असतं. 2012 मध्ये मायकेल कॉन्झेमियस आणि रिचर्ड इव्हान्स यांनी संधिवाताने लंगडणाऱ्या आणि खोटं औषध मिळालेल्या कुत्र्यांची नोंद तपासली. पायावर नेमका किती भार पडतो हे मोजणाऱ्या यंत्रावर फरक नसतानाही मालकांना सुधारणा दिसत होती. आणि फक्त मालकांना नव्हे, तपासणाऱ्या डॉक्टरांनाही. कुत्र्यावर गोळीचा असर होवो न होवो, ती भरवणाऱ्यावर होतो.

माशाच्या तेलाची गोष्ट थोडी निराळी. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ओमेगा-3 जास्त असलेलं खाद्य खाणाऱ्या संधिवाती कुत्र्यांनी पायावर जास्त भार टाकला, हे यंत्रावर मोजलं गेलं. दुसऱ्या एका प्रयोगात वेदनाशामकाचा डोस कमी करता आला. खाद्य बनवणाऱ्या कंपनीची माणसं त्यात होती, ते लक्षात ठेवायला हवं, पण 2022 च्या त्या चाळणीतही ओमेगा-3 तगलं. सटकून सटकून ज्या गुडघ्यात पुढे संधिवात शिरतो, तिथे त्याला अर्थ आहे. नेहमीच्या हजार मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये कामाचं ओमेगा-3 (ईपीए आणि डीएचए मिळून) तीनशेच मिलिग्रॅम असतं, बाकी नुसतं तेल. तेव्हा किती द्यायचं ते डॉक्टरांकडून कुत्र्याच्या वजनावर काढून घ्यावं. सालईच्या डिंकापासूनची शल्लकी आणि हळद यांवर कुत्र्यांत थोडं काम झालंय. आशा वाटावी इतपतच.

सगळ्यात भक्कम पुरावा मात्र फुकटच्या उपायाचा निघाला. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 48 लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. कमी खाणारे सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांच्यात संधिवात उशिरा आला. 2010 मधल्या अभ्यासात लठ्ठ, लंगड्या कुत्र्यांचं वजन सहा टक्क्यांनी उतरलं तशी लंगड कमी झाली. चार किलोच्या कुत्र्यासाठी सहा टक्के म्हणजे अडीचशे ग्रॅमसुद्धा नाही. त्याची दिवसाची गरज अडीचशे-तीनशे कॅलरींची, आणि एक ग्लुकोज बिस्किट वीस-पंचवीस कॅलरींचं. चहाच्या वेळी आजोबांकडून दोन, आजींकडून एक, गोळी गिळावी म्हणून आणखी एक. सांध्याची गोळी भरवण्यासाठी सांध्यावरचं वजन वाढवणारी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत.

दुखणं थांबवायची औषधंही बदलली. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर 2006 मध्ये आपल्याकडे बंदी आली ती गिधाडं दगावत होती म्हणून, आणि त्याला पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम पुढे आलं. कुत्र्यांतही आज ते सर्रास वापरलं जातं, मोजून आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून. घरातली माणसांची आयबुप्रोफेन कुत्र्याला देणं मात्र आजही जिवावर बेतू शकतं.

ज्या वाटीला खरोखर उपचार हवा, तिला शस्त्रक्रियाच लागते. खोबण खोल करायची, नडगीवरचा उंचवटा कापून रेषेत आणून पिनेने बसवायचा, सैल बाजू आवळायची. पूर्वी यासाठी मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारखी मोजकी ठिकाणं होती. आता मोठ्या शहरांत खासगी शल्यविशारद आहेत, आणि 2024 मध्ये महालक्ष्मीला टाटांचं छोट्या प्राण्यांचं रुग्णालयही सुरू झालं. वाटी सटकत असूनही न लंगडणाऱ्या पहिल्या पायरीच्या कुत्र्याला कुणी कापत नाही. त्याला वजन आवरणं, गुळगुळीत फरशीवर सतरंजी आणि सोफ्यावरून उड्या बंद, एवढं बहुधा पुरतं. सतत लंगडणाऱ्या तरुण कुत्र्याला 'आधी सहा महिने गोळ्या देऊन बघू' म्हणण्यात मात्र ते सहा महिने झिजतात.

गोळ्यांवर इतकं बोललं गेलं, पण पैदाशीवर त्याच्या पासंगालाही नाही. उथळ खोबण आई-बापाकडून येते. अमेरिकेत वर्षभराच्या वरच्या कुत्र्याची वाटी तपासून दाखला देणारी यंत्रणा कधीची आहे. आपल्याकडे 2017 च्या पैदास नियमांनी आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई केली, ते चांगलंच झालं. पण आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या गुडघ्यातून पुढचं फारसं कळत नाही, आई-बापाच्या गुडघ्यांतून कळतं. पिल्लू बघायला गेल्यावर 'यांचे आई-बाप जरा पळवून दाखवा' म्हणून पाहा. आई बाळंतपणाने थकलेली असते, आणि बाप हटकून दुसऱ्या गावी गेलेला.