इस्पिकचा एक्का आणि महिनाभराची भांडी

शनिवारची रात्र. कोथरूडमधला फ्लॅट, पिझ्झाचे रिकामे खोके आणि चिप्सऐवजी वाटीभर राजमा. दोघं फ्लॅटमेट पोकर खेळतायत. पैसे नाहीत, पण पैज जबरी. जो हरेल त्याने महिनाभर दोघांची भांडी घासायची!

शेवटचा डाव. दोघांनीही सगळा राजमा पुढे ढकललाय. टेबलावर पाच उघडे पत्ते: किलवरचा एक्का, चौकटचा राजा, इस्पिकची नव्वी, बदामची सत्ती आणि किलवरची दुर्री. एकाच्या हातात इस्पिकचा एक्का आणि तिर्री. दुसऱ्याकडे बदामचा एक्का आणि छक्की.

"माझा एक्का इस्पिकचा आहे. इस्पिक सगळ्यात मोठं!"

"हट्! माझी छक्की तुझ्या तिर्रीपेक्षा मोठी. उद्यापासून भांडी तुझी."

कॉलेजपासूनचे हे जिगरी दोस्त पुढचे आठ दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. आणि गंमत म्हणजे दोघंही चूक होते.

पाच म्हणजे पाचच!

आपल्याकडे सगळ्यात जास्त खेळला जाणारा पोकर म्हणजे टेक्सास होल्डेम. यात हातात दोन पत्ते आणि टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच. या सातांतले सर्वांत भारी पाच निवडायचे आणि बाकीचे दोन विसरून जायचे.

आता वरचा डाव पुन्हा बघा. दोघांचेही भारी पाच एकच: एक्का, एक्का, राजा, नव्वी, सत्ती. तिर्री आणि छक्की दोन्ही सहाव्या नंबरवर. आणि पोकरमध्ये सहाव्या पत्त्याला कुणी विचारत नाही. रंगाचं म्हणाल, तर बरोबरी सोडवताना इस्पिक, बदाम, चौकट, किलवर सगळे सारखेच. मग निकाल काय? पॉटचे सरळ दोन भाग. याला म्हणतात 'स्प्लिट पॉट'.

किकरची किक

छक्कीऐवजी राणी असती, तर मात्र चित्र पालटलं असतं. मग पाचांत एक्का, एक्का, राजा, राणी, नव्वी आले असते. समोरच्याकडे राणीच्या जागी नव्वी, म्हणजे खेळ खल्लास! जोडी सारखी असताना निकाल लावणाऱ्या अशा सुट्या पत्त्याला 'किकर' म्हणतात.

बाकीचा हिशोबही सोपा आहे. दोन जोड्या असतील तर आधी मोठी जोडी बघा, मग लहान, मग किकर. फुल हाउसमध्ये आधी तिकडी, मग जोडी. फ्लशमध्ये वरपासून एकेक करत पाचही पत्ते. स्ट्रेटमध्ये फक्त सर्वांत वरचा पत्ता.

नवशिके हमखास फसतात ते इथे. टेबलावर दोन राजे, दोन अठ्ठ्या आणि एक दुर्री. तुमच्या हातात पंजीची जोडी. तुम्ही खूश, कारण तीन जोड्या झाल्या! पण पोकरमध्ये तीन जोड्या नसतात. तुमच्या एका पंजीला किकर म्हणून उभं राहावं लागतं, आणि समोरच्याकडे नुसता एक सुटा एक्का असला तरी डाव त्याचा.

तीन पत्तीची सवय

मग भांडणं का होतात? कारण आपले हात दिवाळीतल्या तीन पत्तीवर बसलेले असतात. तिथे पॉट वाटून घ्यायची पद्धत नाही. शोमध्ये पत्ते तंतोतंत सारखे निघाले, तर ज्याने शो मागितला तो हरतो. तिथे एक्का-दुर्री-तिर्री म्हणजे दोन नंबरचा सीक्वेन्स. पोकरमध्ये एक्का ते पंजी हा सगळ्यात लहान स्ट्रेट! दुर्री ते छक्कीसुद्धा त्याला खाते.

आणि इस्पिकचा मोठेपणा? तोही अगदीच हवेतला नाही. आधी पत्ते कुणी वाटायचे हे ठरवायला प्रत्येकी एक पत्ता ओढतात, तेव्हा सारखे पत्ते आले तर इस्पिक वरचढ धरतात. पण ते तेवढ्यापुरतंच.

दहा लाख डॉलरचा डाव

रंग बरोबरी सोडवत नाही, पण फ्लश लावून बरोबरी होऊच देत नाही, असं मात्र घडू शकतं. विचारा कॉनर ड्रिननला! २०१४ साली लास वेगासमधल्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये 'बिग वन फॉर वन ड्रॉप' ही स्पर्धा झाली. एंट्री फीच दहा लाख डॉलर. ड्रिननच्या हातात एक्क्यांची जोडी, समोर कॅरी कॅट्झकडेही एक्क्यांची जोडी. अशा डावात शंभरातून पंचाण्णवहून जास्त वेळा पॉट वाटला जातो. पण टेबलावर चार बदाम आले आणि बदामचा एक्का होता कॅट्झकडे. फ्लश! ड्रिनन स्पर्धेबाहेर.

उरलेल्या दाण्याचं काय?

पॉटचे दोन भाग केले आणि एक चिप उरली तर? होल्डेममध्ये ती जाते डीलर बटणाच्या डावीकडून पहिल्या वाटेकऱ्याला. वाद नाही, टॉस नाही.

पुढच्या वीकेंडला बसाल तेव्हा पत्ते पिसण्याआधी तीनच गोष्टी मोठ्याने बोलून घ्या. पाचच पत्ते मोजायचे, रंगाला मोठेपणा नाही, बरोबरी झाली तर पॉट वाटायचा. दोन मिनिटांचं काम आहे. डाव अंगात आल्यावर नियम काढला, की तो समोरच्याला नियम वाटत नाही, चिटिंग वाटते.

कोथरूडच्या त्या दोघांना नवव्या दिवशी एका तिसऱ्या मित्राने सगळे पत्ते पुन्हा मांडून दाखवले. दोघं थोडा वेळ गप्प बसले, मग एकाने उठून चहा टाकला. राजमा तर केव्हाच शिजवून खाल्ला होता, म्हणून त्यांनी पैजच अर्धी-अर्धी वाटून घेतली. सध्या भांडी एक दिवसाआड!